झिजतं कोण, वाचतं कोण? धातू, पाणी आणि मुंबईची जहाजं



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला अडवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. सोडियम-पोटॅशियमशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. रसायनशास्त्र आम्ही इंटर सायन्सपर्यंत शिकलो, मग रस्ता बदलला. पण त्या प्रयोगशाळेतली एक सकाळ डोक्यातून गेली नाही. ती तशीच बरोबर घेऊन आम्ही पन्नासहून अधिक वर्षं तत्त्वज्ञान वाचलं आणि शिकवलं. आज तिचा हिशेब मांडायचा आहे. आणि तो इथे, शीव कोळीवाड्यात, मांडायला एक कारण आहे. ते शेवटी सांगू.

तर ती सकाळ. टेबलावर काचेची मोठी परात, पाण्याने अर्धी भरलेली. शेजारी रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले धातू. आमच्या सरांनी चिमट्याने लिथियमचा वाटाण्याएवढा तुकडा काढला, टिपकागदाने पुसला आणि पाण्यात सोडला. तो तरंगला, शांतपणे बुडबुडे काढत राहिला. मग सोडियम. त्याची वितळून चकचकीत गोळी झाली आणि ती फुसफुसत पाण्यावर इकडून तिकडे धावू लागली. मग पोटॅशियम. पाण्याला टेकतो न टेकतो तोच जांभळट ज्योत आणि शेवटी फट्‌ असा आवाज. (घरी कोणी करू नये, हे वेगळं सांगायला नको.) नंतर कॅल्शियम, ते आधी तळाशी गेलं, मग अंगाला चिकटलेल्या बुडबुड्यांनी वर आलं आणि पाणी गढूळ केलं. मॅग्नेशियमची फीत थंड पाण्यात जवळजवळ गप्प. पाणी तापवल्यावर थोडी हालचाल. जस्त आणि लोखंड यांना वाफ लागते. तांबं, चांदी, सोनं यांना पाण्याशी देणंघेणं नाही.

सरांनी फळ्यावर यादी लिहिली. वर पोटॅशियम, खाली सोनं. म्हणाले, "ही धातूंची क्रियाशीलता श्रेणी. पाठ करा." आम्ही विचारलं, "सर, लिथियम या यादीत नेमकं कुठे?" ते हसले आणि म्हणाले, "परीक्षेला येत नाही."

पण प्रश्न खरा होता. पुढे आम्हाला कळलं की विद्युत-विभवाचा तक्ता पाहिला तर लिथियमचा आकडा उणे ३.०४ व्होल्ट आहे, पोटॅशियमचा उणे २.९३, सोडियमचा उणे २.७१. म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून द्यायची ओढ लिथियमला सगळ्यांत जास्त. मग परातीत ते सगळ्यांत शांत का? कारण परातीत आपण ओढ मोजतच नव्हतो, वेग मोजत होतो. पोटॅशियम ६३ अंशांना वितळतं, सोडियम ९८ अंशांना, आणि लिथियमला १८० अंश लागतात. अभिक्रियेच्या उष्णतेने पहिले दोन वितळतात, त्यांचा ताजा पृष्ठभाग सतत पाण्यासमोर येत राहतो. लिथियम घट्टच राहतं आणि सावकाश झिजतं. एकच परात, एकच पाणी, आणि "कोण जास्त क्रियाशील" या प्रश्नाची दोन उत्तरं! दोन्ही बरोबर. तुम्ही काय विचारता त्यावर ती अवलंबून.

ही तुलना माणसाला कधीपासून करता येऊ लागली? फार जुनी गोष्ट नाही. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं हे धातू हजारो वर्षांचे ओळखीचे. आपल्याकडे राजस्थानातल्या झावर इथे जस्ताची वाफ करून ते गाळायच्या भट्ट्या मध्ययुगातच चालू होत्या. पण पाण्यात पेट घेणारा धातू कोणी पाहिला नव्हता. व्होल्टाने १८०० साली विजेची बॅटरी जाहीर केली आणि सात वर्षांत, ऑक्टोबर १८०७ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळं केलं. काही दिवसांत सोडियम. पहिले थेंब पेटताना पाहून डेव्ही खोलीभर नाचला, असं त्याच्या चुलतभावाने सांगितलं आहे. डेव्ही तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

आणि गंमत बघा, ती अभिक्रिया आपल्याला पूर्ण कळली असं दोनशे वर्षं मानलं जात होतं. हायड्रोजन निघतो, उष्णतेने पेटतो, संपलं. २०१५ साली प्रागच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं, तर धातूच्या थेंबातून क्षणार्धात काटे फुटताना दिसले. इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की मागे उरलेले धन भार एकमेकांना ढकलतात आणि थेंब फुटतो. शाळेतल्या प्रयोगातही अजून शिल्लक होतं!

पण आज डेव्हीचं नाव आम्ही पोटॅशियमसाठी घेत नाही. त्याच्या एका फसलेल्या प्रयोगासाठी घेतो आहोत. त्या प्रयोगाची परात म्हणजे समुद्र होता, आणि त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

मुंबईच्या गोदीकडे चला. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया इथे आले. १७५० साली मुंबईची कोरडी गोदी तयार झाली. पुढे वाडिया घराण्याने मलबारच्या सागाची अशी जहाजं बांधली की इंग्रजांच्या आरमाराने ती मागून घेतली. १८१० चं 'मिंडेन', १८१३ चं 'कॉर्नवॉलिस', ज्याच्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, आणि १८१७ चं 'त्रिंकोमाली', जे आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. सागाचं एक वैशिष्ट्य सांगतात. ओकच्या लाकडातलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळा खातं, सागाचं तेल त्याला सांभाळतं. खिळा तोच, सोबत बदलली की आयुष्य बदललं. हे वाक्य लक्षात ठेवा.

लाकडी जहाजाला समुद्रात दोन वैरी. एक, लाकूड आतून पोखरणारा किडा. दुसरा, तळाला चिकटणारं शेवाळ आणि टणक कवचाचे जीव. तळ खडबडीत झाला की जहाज मंदावतं. आपल्याकडे चुना आणि तेलाचा लेप देत. इंग्रज आरमाराने तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. 'अलार्म' नावाच्या जहाजाला १७६१ साली पहिल्यांदा असा पत्रा लावून वेस्ट इंडिजला पाठवलं. १७६३ साली तपासणी झाली. किडा नाही, शेवाळ नाही. पण लोखंडी खिळे? ते जागोजाग गंजाचा चिखल होऊन गेलेले. आणि काही खिळे मात्र शाबूत. तपासणाऱ्यांनी बघितलं तर जिथे तांब्याच्या पत्र्याला गुंडाळलेला तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता, तिथले खिळे वाचले होते.

एका कागदाने हे केलं. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले नाहीत, म्हणून लोखंड वाचलं. टेकले तिथे खाऱ्या पाण्यात लोखंड झिजलं. आज आपण म्हणू, लोखंडाने इलेक्ट्रॉन सोडले, ते तांब्याकडे गेले, तांबं निर्धास्त झालं. १७६३ साली ही भाषा नव्हती, व्होल्टाची बॅटरीही नव्हती. तरी निरीक्षण नेमकं होतं. तरीही घाईत पुढे शेकडो जहाजांना तांबं ठोकलं गेलं आणि मग लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट घालावे लागले.

आता उलट्या बाजूची तक्रार. तांबंसुद्धा समुद्रात हळूहळू झिजतं आणि पत्रे महाग. १८२३ साली आरमाराने रॉयल सोसायटीला विचारलं, यावर उपाय काय? सोसायटीचा अध्यक्ष होता डेव्ही. त्याने विचार केला की तांब्याच्या शेजारी लोखंड झिजतं, म्हणजेच लोखंडाच्या शेजारी तांबं वाचतं. एकाच वाक्याच्या दोन बाजू! मग मुद्दामच तांब्याला जस्ताचा नाहीतर बिडाचा लहानसा तुकडा जोडायचा. झिजेल तो, वाचेल तांबं. मायकेल फॅरेडेच्या मदतीने त्याने प्रयोग केले. शंभर चौरस फूट तांब्याला एखाद-दोन चौरस फूट बीड पुरतं, असं दिसलं. पहिल्या जहाजांपैकी एक होतं 'समरंग', १८२२ साली कोचीनच्या गोदीत सागात बांधलेलं. आपल्या पश्चिम किनाऱ्याचं जहाज. १८२४ मध्ये त्याला हे संरक्षक बसले.

रसायनशास्त्र म्हणून प्रयोग शंभर टक्के यशस्वी. तांबं झिजायचं थांबलं. पण संरक्षक लावलेली जहाजं समुद्रावर फिरून परत येऊ लागली, तेव्हा तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव चिकटलेले. जहाजं मंदावलेली. कप्तान वैतागलेले. १८२५ मध्येच आरमाराने हे संरक्षक काढायला लावले. डेव्हीच्या जिव्हारी लागलं. १८२९ मध्ये तो गेला.

झालं काय होतं? तांबं जहाजाला स्वच्छ ठेवत होतं ते झिजून. त्याचा जो अंश पाण्यात विरघळत होता, तोच शेवाळाला आणि किड्यांना विष होता. डेव्हीने तांबं वाचवलं आणि त्याचं काम बंद पाडलं. पत्रा टिकला, ज्यासाठी पत्रा लावला होता ते गेलं.

मित्रहो, आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे उदाहरण अनेक वर्षं दिलं. डेव्हीचं शास्त्र चुकलं नव्हतं. त्याने "तांबं कसं टिकेल" हा प्रश्न सोडवला. आरमाराचा प्रश्न "जहाज कसं चालेल" हा होता. दोन्ही प्रश्न इतके जवळजवळ दिसत होते की फरक समुद्रानेच दाखवावा लागला.

उत्तर पुढे निघालं ते मधल्या वाटेने. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या मुंट्झने साधारण साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्त यांच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. स्वस्त, आणि बेताने झिजणारा. ना पूर्ण वाचवायचा, ना वाहून जाऊ द्यायचा. पुढे लोखंडी जहाजं आली आणि जुना प्रश्न उलटून समोर उभा राहिला. लोखंडाच्या तळाला तांब्याचा पत्रा थेट ठोकला तर झिजणार जहाजच! म्हणून तांब्याची संयुगं रंगात मिसळून लावू लागले आणि डेव्हीचे जस्ताचे ठोकळे परत आले, या वेळी लोखंड वाचवायला. तीच कल्पना, दुसऱ्या जागी, अगदी बरोबर.

हे ठोकळे पाहायला लंडनला जायला नको. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मामा माहीमच्या किनाऱ्यावर नाखवा आहेत. बोट ओढून वर घेतली होती, तेव्हा आम्ही गेलो. पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा, अर्धा खाल्लेला, खडबडीत. आम्ही म्हटलं, "हा तर खराब झाला." मामा हसले. "सर, त्यो झिजतो म्हणून पंखा वाचतो. झिजला नाय तर समजायचं, कुठंतरी जोड सुटलाय." आणि मग म्हणाले, "पोरं हौसेनं त्याला पण रंग मारतात. रंग मारला की संपला त्याचा उपयोग." डेव्हीला जे कळायला एक ताफा लागला, ते मामांना दर पावसाळ्यात कळतं.

घरातही हा प्रयोग असतो. जुन्या लोकांना आठवेल, जस्ताची बादली आणि पत्र्याचा रॉकेलचा डबा. बादलीला चरा पडला तरी ती लवकर गंजत नसे, कारण जस्त लोखंडाच्या आधी झिजतं. पत्र्याच्या डब्याला आतून-बाहेरून कथील. त्याला चरा पडला की तिथून गंज धावायचा, कारण कथील आणि लोखंड या जोडीत आधी झिजतं ते लोखंड. दोन्ही लोखंडाचेच, दोन्हींवर पांढरा मुलामा. अखंड आहेत तोवर फरक कळत नाही. चरा पडल्यावर कळतं कोण कोणासाठी झिजतंय.

आता थोडं आमच्या विषयाकडे. इंग्रजीत सोन्या-चांदीला उच्चकुलीन धातू म्हणतात, लोखंड-जस्ताला हलके. यादी वर-खाली लिहिली की माणूस तिला उतरंड समजतो. पण पाहिलं ना आपण? लोखंड तांब्याशेजारी झिजणारं, जस्ताशेजारी वाचणारं. त्याचा स्वभाव बदलला नाही, सोबत बदलली. आपल्या वैशेषिकांना याची जाण होती. प्रशस्तपादांच्या चोवीस गुणांत 'संयोग' हा एक गुण आहे, आणि तो एका द्रव्यात राहत नाही. दोघांत मिळून राहतो. गंज कोणाचा गुण? एकट्या लोखंडाचा म्हणता येणार नाही. लोखंड, त्याचा शेजारी, मधलं पाणी आणि पाण्यातलं मीठ, या सगळ्यांचा मिळून तो गुण. तुलना करायची तर हे चौघे एकत्र टेबलावर घ्यावे लागतात.

आणि आता सुरुवातीला राखून ठेवलेलं कारण.

'शीव' म्हणजे हद्द. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली हद्द. नावात कोळीवाडा आहे, पण पाणी आज इमारतींमागे गेलंय. खाडीची खारी हवा मात्र गेली नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी स्लॅबचे पापुद्रे पडतात? हात वर करू नका, आम्हाला माहीत आहे. (हशा) आमच्याही घरी पडतात.

काँक्रीट ताजं असताना तीव्र अल्कधर्मी असतं. त्यात लोखंडी सळई गंजत नाही. तिच्या अंगावर एक अतिशय पातळ संरक्षक थर बसतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि ती अल्कता कमी होते, किंवा मिठातला क्लोराइड पोचतो, आणि तो थर तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटतं, पापुद्रा पडतो.

आमच्या स्वयंपाकघरात असा एक पापुद्रा पडला. कंत्राटदार आला, पडला तेवढाच भाग खरवडला, सळई घासली, उत्तम नवा माल भरला. छान काम. दीड-दोन वर्षांत त्या तुकड्याच्या कडेने, चारी बाजूंनी, नवे पापुद्रे. आम्ही त्याला दोष दिला. तो म्हणाला, "साहेब, माझा पॅच बघा, तसाच आहे." आणि खरंच, तो तसाच होता.

नंतर एका अभियंत्या मित्राने समजावलं आणि आम्ही थक्क झालो. सळई एकच, सलग. ज्या जागी ती गंजत होती, ती जागा शेजारच्या सळईसाठी जस्ताच्या ठोकळ्याचं काम करत होती. स्वतः झिजून आजूबाजूला वाचवत होती. शेजारच्या काँक्रीटमध्येही मीठ पोचलेलंच होतं. पण झिजायची पाळी आली नव्हती. आम्ही ती एक जागा दुरुस्त केली आणि शेजाऱ्यांचा राखणदार काढून घेतला. मग पाळी त्यांची. डेव्हीचीच गोष्ट, आमच्या ओट्यावरच्या छताला!

म्हणून या वस्तीतल्या सोसायट्यांना हात जोडून सांगणं आहे. पडला तेवढाच तुकडा भरू नका. आजूबाजूला हातोडीने हलकं ठोकून पाहा; बद्द आवाज येतो तिथे आतून सुटलेलं आहे. जिथे मीठ पोचलं आहे ते काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं लागतं. गळती आधी बंद करा, कारण पाणी नसेल तर हा व्यवहारच चालत नाही. आणि पॅचच्या कडेला सळईला जोडायचे जस्ताचे छोटे ठोकळे आता मिळतात. कुठे आणि किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. राखणदार काढला तर दुसरा नेमा, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या सरांबद्दल आमच्या मनात राग नाही. तुटपुंज्या साहित्यात त्यांनी आम्हाला पोटॅशियमची ज्योत दाखवली, हे ऋण मोठं आहे. यादी पाठ करायला हरकत नाही. पण शिक्षक मित्रांनो, परातीतला प्रयोग संपला की आणखी एक ग्लास ठेवा. मिठाचं पाणी, चार खिळे. एक एकटा, एक तांब्याच्या तारेने गुंडाळलेला, एक जस्ताच्या पट्टीला बांधलेला, एकाच्या आणि तारेच्या मध्ये कागदाची घडी. ना आग, ना धूर. एक आठवडा खिडकीत ठेवा आणि मुलांना रोज पाहू द्या. कागद भिजेल, सरकेल, तेव्हा काय होतं तेही पाहू द्या. आणि मग विचारा: यातला कोणता खिळा चांगला?

चारही एकाच पुडीतले, हे कोणीतरी एक पोर सांगेल. त्या पोराला आमचा नमस्कार सांगा.